साखळीतला हात

‘खेळाडूनं खेळावं. रात्री तो कुणाच्या कुशीत झोपतो त्याच्याशी आपल्याला काय घेणं?’ डॉकात डबा खाताना एक जोडीदार म्हणाला आणि मी मान हलवली. पुरोगामीच वाटलं ते. पण पाळी संपवून घरी येताना तेच वाक्य टोचायला लागलं. ‘आता जात कोण मानतं राव, विषय कशाला काढता?’ असं म्हणणाऱ्यांचा सूर अगदी हाच असतो. विषय आपण काढायचा नाही. त्यांनी मात्र आडनाव विचारायचं.

चेंडूला काही कळत नाही, कबूल. पण कंत्राट चेंडू देत नाही.

जस्टिन फॅशनू हे नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय? बाप नायजेरियन, पोरगा आधी अनाथाश्रमात, मग गोऱ्या कुटुंबात वाढला. 1980 साली नॉर्विचकडून लिव्हरपूलवर त्यानं मारलेला गोल मोसमातला सर्वोत्तम ठरला. 1981 साली नॉटिंगहॅम फॉरेस्टनं त्याच्यासाठी 10 लाख पौंड मोजले. ब्रिटनमधल्या काळ्या फुटबॉलपटूला एवढा भाव पहिल्यांदाच आला. मग मॅनेजर ब्रायन क्लफच्या कानावर गेलं, की हा समलिंगी लोकांच्या बारमध्ये जातो. क्लफनं त्याला फैलावर घेतलं, सरावाला बंदी केली, तरी आला तेव्हा पोलिसांकरवी मैदानाबाहेर काढलं. त्याचे गोल आटले होते हेही खरं, ते मी लपवत नाही. 1982 संपता संपता तोच माणूस दीड लाखात विकला गेला.

1990 साली त्यानं ‘द सन’मधून स्वतःबद्दल उघड सांगितलं. काळा म्हणून शिव्या तो आधीपासून खातच होता, त्यात ह्या मिसळल्या. त्याचं मला नवल नाही. चटका बसतो तो पुढं. सख्खा भाऊ जॉन, तोही व्यावसायिक फुटबॉलपटू. त्यानं ‘द व्हॉइस’ या काळ्या लोकांच्याच साप्ताहिकातून भावाला वाळीत टाकल्याचं जाहीर केलं. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गोऱ्यांची थुंकी झेलली, त्यांच्याच घरातून, त्यांच्याच पेपरातून.

1998 साली अमेरिकेत एका 17 वर्षांच्या मुलानं त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. खटला उभाच राहिला नाही. त्याच मेमध्ये लंडनात त्यानं गळफास घेतला. त्याला हुतात्मा करायची मला घाई नाही. पण इंग्लंडमधला दुसरा व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटू खेळत असताना हे बोलला तो थेट मे 2022मध्ये : ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय 17. मधली 32 वर्षं सगळे काय फरक पडत नव्हता म्हणून गप्प होते?

आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018ला सुप्रीम कोर्टानं 377 कलमाचा फास सोडवला. मे 2019मध्ये ओडिशाच्या विणकर घरातली धावपटू द्युती चंद म्हणाली, माझं एका मुलीवर प्रेम आहे. गाव बिथरलं, घर बिथरलं. जुलैत तिनं नेपल्सला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 100 मीटरचं सुवर्ण आणलं, 11.32 सेकंदांत. पाय तेच होते.

आता आपल्या वस्तीचं. आमच्या कबड्डीच्या संघात एक कव्हर होता. त्याची पकड सुटली असं मी पाहिलं नाही. कुणीतरी त्याला एका पोराबरोबर कुठंतरी पाहिलं आणि ‘बायल्या’ हा शब्द मैदानावर आला. मग साखळी धरायची वेळ आली की शेजारचा हात मागं घ्यायचा. घाम आलाय, बोट मुरगळलंय, काहीही. शिवू नये म्हणून मागं घेतलेला हात कसा असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी तो शेजारचा मीच होतो. निळा झेंडा खांद्यावर घेऊन फिरणारा, कविता करणारा मी.

तो संघ सोडून गेला. आम्ही म्हणालो, सरावाला येत नव्हता.

गेल्या महिन्यात शोधत शोधत त्याच्याकडे गेलो. रिक्षा चालवतो. चहा पाजला. मी म्हणालो, परत ये.

‘साखळीत माझा उजवा हात कोण धरणार?’

‘मी.’

‘आणि डावा?’

दोस्तांनो, मी गप्प बसलो. संघातली निम्मी पोरं हे मासिक वाचतात.