कपाटातली पेटी आणि विद्यापीठातला तंबोरा

मुलांनो,

मागच्या महिन्यातली गोष्ट. सातवीच्या वर्गात 'मी मोठेपणी कोण होणार' यावर गप्पा चालल्या होत्या. नेहमीची उत्तरं येत होती. डॉक्टर, पोलीस, इंजिनियर. एकाला तर क्रिकेटचा पंच व्हायचं होतं, कारण पंचाला कुणी रागवत नाही म्हणे! तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, डॉक्टर व्हायला कॉलेज असतंय. गाण्याचं पण कॉलेज असतंय का? आणि तिथं काय काय असतंय?"

झालं! सगळा वर्ग हसायला लागला. "बाई, तिथं परीक्षेत कॉपी कशी करत असतील हो?" असं एकानं विचारलंसुद्धा. मलाही हसू आलं. पण ती मुलगी हसत नव्हती. ती गाते छान, हे मला ठाऊक होतं. प्रार्थनेच्या वेळी तिचा आवाज वेगळा ओळखू येतो. आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. तिचं घर दोन खोल्यांचं. शेजारी यंत्रमागाचा कारखाना, त्याची दिवसभर खटखट. आई विड्या वळते. घरात पेटी नाही, तबला नाही, आणि मोठ्यानं 'सा' लावायला जागासुद्धा नाही.

"शनिवारी सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मलाही सगळं नीट माहीत नव्हतं. मग पुस्तकं काढली, चार जाणत्यांना विचारलं. जे वर्गात सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते.

तर हो, गाण्याचं कॉलेज असतं. इतकंच काय, विद्यापीठात संगीताचा स्वतंत्र विभाग असतो. तिथं संगीत घेऊन बी.ए. किंवा एम.ए. करता येतं. मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे, त्याचे पहिले संचालक डॉ. अशोक रानडे होते. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झालं. तिथं संगीत, नृत्य आणि नाटक, तिन्ही शिकवतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे. मुलींच्या एसएनडीटी विद्यापीठातही संगीत शिकता येतं.

पण हे दार नेहमीच उघडं नव्हतं, बरं का! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी जाऊन राहायचं. पाणी भरायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरू कधी शिकवतील त्याची वाट पाहायची. पुस्तक नाही, वही नाही. गुरूच्या मनात आलं तर एक चीज मिळायची, नाहीतर नाही. मुलींना तर बहुतेक घरांतून परवानगीच नसायची.

हे बदलणाऱ्यांपैकी एक होते पंडित विष्णू दिगंबर पलुसकर. आपल्या जवळच्याच कुरुंदवाडला १८७२ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणी फटाका उडून त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी फार अधू झाली. पुढे मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले. मग बाहेर पडले आणि पोचले थेट लाहोरला! तिथं ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाच्या पैशावर नव्हे, लोकांच्या मदतीवर. ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली पुस्तकं, वर्ग, परीक्षा, असं सगळं एखाद्या शाळेसारखं. पुढे १९०८ साली ते मुंबईत आले. तिथं विद्यालयासाठी मोठी इमारत बांधली, पण कर्ज फिटलं नाही आणि इमारत लिलावात गेली. इमारत गेली, पण त्यांचे शिष्य गावोगावी गाणं शिकवत राहिले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा आजही हजारो मुलं देतात. तुमच्यापैकीही काहींनी दिल्या असतील.

दुसरे होते पंडित विष्णू नारायण भातखंडे. हे व्यवसायानं वकील. देशभर हिंडून त्यांनी जुन्या चिजा गोळा केल्या आणि त्या कागदावर लिहिण्याची सोपी रीत बसवली. स्वराखाली आडवी रेघ असली की तो कोमल. 'म'वर उभी रेघ असली की तो तीव्र. स्वराखाली टिंब म्हणजे खालचं सप्तक, वर टिंब म्हणजे वरचं. आहे की नाही सोपं? अशा स्वरलिपीतली त्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांची आहे. १९२६ साली लखनौला जे संगीत कॉलेज निघालं, त्यामागे भातखंड्यांचीच खटपट होती. आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. आणि या दोघांच्याही आधी, १८८६ साली, बडोद्यात सयाजीराव महाराजांनी उस्ताद मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा काढली होती. तीही आता तिथल्या विद्यापीठाचा भाग आहे.

बरं, आता 'तिथं काय काय असतंय?' चला, मनातल्या मनात एक फेरी मारू. चपला बाहेर काढा हं!

पहिली खोली वाद्यांची. भिंतीशी तंबोरे उभे आहेत. काही मोठे, काही लहान. पुरुषांचा आवाज खालच्या पट्टीतला, म्हणून त्यांना मोठा तंबोरा. बायकांची पट्टी उंच, म्हणून त्यांचा तंबोरा लहान. म्हणजे विभागात एकच तंबोरा असून चालत नाही. तंबोऱ्याला चार तारा. पहिली बहुधा खालच्या पंचमात लावतात, मधल्या दोन षड्जात आणि शेवटची खर्जात. तारेखाली घोडीवर बारीक दोरा घालून तो हळूहळू सरकवतात. तो नेमक्या जागी आला की तार नुसती वाजत नाही, झंकारते! त्या झंकाराला जवारी म्हणतात.

आता एक गंमत सांगू? हा तंबोरा मुंबईच्या विद्यापीठात असो की दिल्लीच्या, तो मिरजेचा असेल तर त्याचा भोपळा आपल्या सोलापूर जिल्ह्यातला असण्याची बरीच शक्यता आहे. पंढरपूरच्या बाजूला शेतकरी हे मोठे गोल भोपळे पिकवतात. ते खायचे नव्हेत, वाळवायचे. चांगले वाळले की मिरजेला जातात. तिथले कारागीर ते कापतात, आतून साफ करतात, वर लाकडाची तबली आणि दांडी बसवतात, खुंट्या आणि तारा चढवतात. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे तलवारी, भाले असली हत्यारं करणारे. हत्यारांची मागणी कमी झाली, तसे ते एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा 'गाण्याचं कॉलेज आपल्यापासून लांब आहे' असं कुणी म्हणालं तर सांगा, की त्याचा भोपळा आमच्या शेजारच्या शेतातला आहे!

त्याच खोलीत तबल्याच्या जोड्या असतात, हातोडीसकट. पेट्या असतात. सतार, बासरी, व्हायोलिनही बऱ्याच ठिकाणी असतात.

दुसरी खोली अगदी लहान. चटई, एक तंबोरा, एक आरसा. एवढंच! आरसा कशाला? गाताना आपण तोंड वेडंवाकडं करतो का, ते बघायला. ही रियाजाची खोली. दार लावलं की बाहेरचा आवाज आत नाही आणि आतला बाहेर नाही. चुकलं तरी कुणी हसत नाही. तोच पलटा शंभर वेळा घोकला तरी कुणी 'पुरे आता' म्हणत नाही.

हे सांगत होते तेव्हा ती मुलगी टक लावून बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, ती खोली कितीला मिळती?"

मी क्षणभर गप्पच झाले. नंतर म्हटलं, "अगं, ती भाड्यानं नसते. तिथं शिकणाऱ्यांसाठीच असते. वेळ लावून घ्यायची आणि बसायचं."

तिसरी खोली ग्रंथालय. तिथं भातखंड्यांचे सहा भाग असतात, रागांची, तालांची, गायकांच्या आयुष्याची पुस्तकं असतात. चौथी खोली ऐकण्याची. भारतात गाण्याचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले, पण त्यांचा आवाज त्या तबकड्यांमुळे आजही ऐकता येतो. जो गुरू आपल्या जन्माआधीच गेला, त्याचं गाणं ऐकून शिकता येतं, ही केवढी सोय!

पाचवी जागा म्हणजे मंच. खोलीत गाणं वेगळं आणि समोर पन्नास माणसं बसलेली असताना गाणं वेगळं. पुण्याच्या ललित कला केंद्रात उघड्यावरचा 'अंगणमंच' आहे. अशा जागी मुलं घाबरत घाबरत पहिल्यांदा गातात आणि मग हळूहळू घाबरायची थांबतात.

आणि सहावी सोय कुठल्याच खोलीत दिसत नाही. ती म्हणजे माणसं. चुकलेला स्वर ऐकून 'पुन्हा म्हण' म्हणणारे गुरुजी. न कंटाळता ठेका धरणारा तबलजी. आणि बरोबरीनं शिकणारे मित्र.

ती मुलगी घरी गेली आणि तिनं सगळं आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई शाळेच्या फाटकाशी हजर. "बाई, पोरीला काय सांगिटलासा? गाण्यानं पोट भरतंय व्हय?"

प्रश्न रास्त होता. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, गाण्याची पदवी घेतली की नोकरी हमखास, असं नाही. काही जण शाळा-कॉलेजात संगीत शिक्षक होतात. काही स्वतःचे वर्ग काढतात, काही साथ करतात, कुणी आकाशवाणीवर गातात, कुणी ध्वनिमुद्रणाचं काम शिकतात. काही जण नोकरी दुसरीच करतात आणि गाणं जपतात. ते ठरवायला अजून पाच-सहा वर्षं आहेत. तोवर तिला शिकू तर द्या.

आई म्हणाली, "शिकू दे की. पण कुठं? घरात बसाय जागा न्हाई."

आणि तेव्हा मला आठवण झाली आमच्या शाळेतल्या पेटीची.

हो, आमच्या शाळेत पेटी आहे! कधीकाळी कुणीतरी देणगी दिलेली. ती ऑफिसातल्या कपाटात, जुन्या हजेरीपुस्तकांच्या मागे. कपाटाला कुलूप. का? तर 'मुलं मोडतील म्हणून.' आम्ही शिक्षकांनीच ती बंद ठेवली होती, मीही त्यातलीच. बाहेर काढली तर काय! कुणी न मोडताच ती मोडली होती. भाता उंदरांनी कुरतडलेला. तीन पट्ट्या दाबल्या की वर येईनात. मुलांच्या हाती दिली असती तर फार फार तर एखादी पट्टी गेली असती. जपून ठेवली म्हणून सगळीच गेली.

आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली आणि ती दुरुस्तीला दिली. आता शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास चौथीचा वर्ग उघडा ठेवतो. तीच आमची रियाजाची खोली. आरसा नाही, चटई फाटकी आहे, आणि तंबोरा माझ्या मोबाईलमधला. पण दार लागतं! ती मुलगी येते. तिच्याबरोबर आणखी चौघं येतात. 'कॉपी कशी करतात' विचारणारा पठ्ठ्याही येतो. तो टेबलावर ठेका धरतो.

तर मुलांनो, आता तुमच्यासाठी काम. या आठवड्यात आपल्या शाळेतली वाद्यं मोजा. किती आहेत, किती चालतात आणि किती कुलपात आहेत, असे तीन रकाने करा. कुलपातली असतील तर चिडू नका, भांडू नका. चार जण मिळून सरांकडे किंवा बाईंकडे जा आणि नीट विचारा, "आम्ही सांभाळून वाजवू, अर्धा तास द्याल का?" नाही म्हणाले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

आणि तुमच्यापैकी जे मोठे आहेत, दहावी-बारावीला आहेत आणि ज्यांना खरंच संगीत शिकायचंय, त्यांनी विद्यापीठाच्या विभागात जाऊन एवढं विचारावं. मुलं किती आणि तंबोरे किती? रियाजाची खोली किती वाजेपर्यंत उघडी असते? पुस्तकं घरी नेता येतात का? तबल्याची साथ रोज मिळते का? प्रवेशाआधी गाऊन दाखवावं लागतं का? वसतिगृह आहे का आणि फीमध्ये सवलत मिळते का? इमारत किती मोठी आहे ते विचारू नका. इमारतीचं काय होतं, ते पलुसकरांच्या गोष्टीत पाहिलंच आपण!

परवा ती मुलगी पेटी पुसून ठेवत होती. कपाटाकडे निघाली आणि मध्येच थांबली. "बाई, कुलूप लावू का?"

मी म्हटलं, "नको. उंदरांसाठी नुसतं दार लाव."

पुढच्या आठवड्यात भेटूच. तुमच्या तीन रकान्यांची वाट बघतेय!

तुमच्या,
बाई