कुलपाआडची विद्या

फराळाचे ताट पुढ्यात असताना भांडण उकरून काढू नये, असे आमच्या आजीचे सांगणे होते. पण वाचकहो, हे भांडण गेल्या जून महिन्यापासून माझ्या पोटात आहे आणि चकली-चिवड्याने ते काही खाली बसत नाही. तेव्हा ताट जरा बाजूला सारा आणि ऐका.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक, वर चित्रकला-शिक्षकाची पदविका. सध्या हाती असलेल्या कादंबरीचा नायक एका मातीच्या धरणावर मुकादम आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि पुण्यात पाणी शिरले, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण पाणी मातीच्या पोटात शिरून नेमके काय करते, हे सांगणारा मला कुणी भेटला नव्हता. कादंबरीकाराने माणसांविषयी हवे तेवढे खोटे लिहावे. धरणाविषयी लिहू नये. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यापीठाचे जे अभियांत्रिकीचे ग्रंथालय आहे, तिकडे मी गेलो.

दारातच टेबल, टेबलावर जाडजूड नोंदवही आणि मागे खाकी कपड्यांतले गृहस्थ.

"कार्ड?"

"कार्ड नाही. धरणांवरचं एक पुस्तक बघायचं आहे. इथंच बसून बघतो."

"स्टाफपैकी का तुम्ही?"

"शिक्षक आहे."

"कोणत्या विभागाचे?"

"चित्रकलेचा."

हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, ते मला कागदावर सहज उतरवता आले असते. पण त्या बापड्याचा दोष नव्हता. नियम त्याने केला नव्हता. कचेरीत गेलो. तिथे सांगितले, मुख्याध्यापकांचे पत्र आणा. आणले. मग कळले की पत्र चालेल, पण त्यावर संशोधक म्हणून नोंदणीचा क्रमांक हवा. कादंबरी लिहिणाराची नोंदणी कुठे होते, हे कचेरीलाही सांगता येईना. तिसऱ्या खेपेस ग्रंथपाल रजेवर होते. चौथ्या खेपेस एका दिवसाची परवानगी मिळाली: अकरा ते पाच, आणि कपाटांना हात लावायचा नाही.

आत गेलो आणि दिपून गेलो. केवढे ते दालन! पंखे, दिवे, गार फरशी, थंड पाणी. खुर्ची रिकामी मिळेना. मनात म्हटले, वा, तरुण पिढी वाचते आहे! जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येकापुढे घरून आणलेले गाईड, नाही तर स्पर्धा परीक्षेच्या नोट्स. ग्रंथालयाचा एकही ग्रंथ टेबलावर नव्हता. ग्रंथ भिंतीकडेच्या पोलादी कपाटांत होते, काचेआड, आणि कपाटांना कुलपे होती. लग्नघरात दागिने बघावेत तसे ते बाहेरून बघायचे.

सूचीसाठी एक संगणक होता. त्यात धरण हा शब्द मराठीत घातला, काही आले नाही. इंग्रजीत घातला तेव्हा नावांची रांग आली आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. या आकड्यांची गंमत मला तिथल्या एका वयस्क शिपायाने सांगितली. त्यांना सगळे मामा म्हणतात. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सगळ्या विद्या दशांश आकड्यांत बांधल्या. त्या हिशेबाने धरणे ६२७.८ वर. पण धरण ज्या मातीचे, त्या मातीचे शास्त्र ६२४.१५ वर, म्हणजे दुसऱ्या कपाटात. धरणाचे पाणी शेतात गेले की ते ६३१.५८७ होते आणि शेतकीच्या बाजूला जाऊन बसते. तेच पाणी नदीत असेल तर ५५१.४८, पलीकडच्या दालनात! ड्यूईने या पांगापांगीवर उपाय म्हणून शेवटी एक अनुक्रमणिका जोडली होती. एक शब्द काढा, तो कुठकुठे विखुरला आहे ते सापडते. मामांना ते ठाऊक होते. समोर बसलेल्या शंभर भावी इंजिनिअरांपैकी किती जणांना ठाऊक असेल? त्यांना कुणी सांगितलेच नाही. भारतीय मानकांची तर आणखी तऱ्हा. मातीच्या मोठ्या धरणांच्या आराखड्याचे मानक आहे, क्रमांक ८८२६. ते वेगळ्या कपाटात, विषयाने नव्हे तर क्रमांकाने लावलेले. क्रमांक ठाऊक असेल तर सापडणार. आणि क्रमांक ठाऊक असलेला माणूस शोधायला कशाला येईल?

तेवढ्यात मागून हाक आली, "सर, तुम्ही इथं?"

माझीच एक विद्यार्थिनी. घरातली कॉलेज पाहिलेली पहिली मुलगी. स्थापत्यच्या दुसऱ्या वर्षाला. मी म्हटले, "अगं, धरण शोधतोय." ती हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, "आमच्या गावच्या पाझर तलावाच्या बांधाला पायथ्याशी दोन वर्षं ओल आहे. बाबांनी ग्रामपंचायतीत सांगितलं. ते म्हणाले, पाझर तलाव आहे, पाझरणारच!"

"मग तू इथं पुस्तकात नाही पाहिलंस?"

"ती कपाटं प्राध्यापकांसाठी असतात ना, सर?"

दोन वर्षे वाचकहो, दोन वर्षे ही मुलगी त्या काचेपासून दहा हातांवर बसत होती!

मामांनी इकडेतिकडे पाहिले आणि किल्ली काढली. मातीच्या शास्त्राचे एक जुने पुस्तक, पान उलटायला दहा मिनिटे लागली नाहीत. इंग्रजी तिने वाचले, आकृती मी समजावली. आकृतीला मॅट्रिक पुरते. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपणारच. पण झिरपते पाणी खालच्या अंगाला बाहेर पडताना मातीचे कण सोबत नेऊ लागले, की तिथे छिद्र पडते आणि ते छिद्र उलटे, साठ्याच्या दिशेने, आतल्या आत पोखरत जाते. ते साठ्याला भिडले की संपले. म्हणून बांधात वाळूचा गाळणथर घालतात. पाणी सुटावे, माती अडावी. आणि पाझर तलावाने पाझरायचे ते तळातून, जमिनीत, बांधातून नव्हे. पायथ्याचे पाणी काचेच्या भांड्यात धरावे. नितळ असेल तर नजर ठेवावी, गढूळ असेल तर एक दिवसही थांबू नये.

मुलीने वहीत लिहून घेतले. माझ्या कादंबरीचे मला भान राहिले नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, माणसे झोपेत वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. नंतर दोष कुणाला दिला गेला, आठवते? खेकड्यांना! पुस्तक वाचून ते धरण वाचले असते असे मी म्हणत नाही. पण "पाणी गळतंय, साहेब" म्हणणाऱ्याला हाकलता येते. "पाणी गढूळ आहे, कण वाहत आहेत, गाळणथर दाखवा" म्हणणाऱ्याला हाकलताना साहेबालाही दोनदा विचार करावा लागतो. असे बोलणारा माणूस गावात तयार होऊ नये, अशीच का आपली व्यवस्था?

आता कुलूपवाल्यांचे म्हणणे. ते म्हणतात, पुस्तके चोरीला जातात. जातात, मी नाकारत नाही. दारात झडती आहे, पिशव्या बाहेर ठेवतात, कॅमेरे आहेत. एवढे असून पाच पुस्तके गेली तर जाऊ द्यात. कुलपाआड वीस वर्षे न उघडलेले पुस्तक चोरीला गेले नाही, ते मेले आहे. म्हणतात, आधी आमचे विद्यार्थी. मान्य. परीक्षेच्या महिन्यात मला बाहेर ठेवा, मी हूं की चूं करणार नाही. म्हणतात, आता सगळे मोबाईलवर मिळते. मग सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' नावाची योजना कशाला काढली? नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तीन वर्षांना सुमारे ६,००० कोटी रुपये, परदेशी प्रकाशकांची नियतकालिके सरकारी संस्थांना वाचायला मिळावीत म्हणून. चांगलीच योजना आहे. पण पैसा माझा, मोटार-रिवाइंडिंगवाल्याचा, त्या मुलीच्या बापाचा. आणि दार उघडते ते संस्थेच्या ओळखपत्राला. निदान ग्रंथालयात एक संगणक बाहेरच्या वाचकासाठी ठेवा की!

मद्रास विद्यापीठात १९२४ साली एक गणिताचे अध्यापक ग्रंथपाल झाले. नाव रंगनाथन. सुरुवातीला त्यांना ते काम मुळीच आवडले नाही, पुन्हा शिकवायला जावे असे वाटे. पुढे इंग्लंडात जाऊन ग्रंथालये पाहिली आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तक जपायला नसून वापरायला असते, इथून ती सुरू होतात; वाचकाचा वेळ वाया घालवू नये, हेही त्यांत आहे. रंगनाथनांची तसबीर त्या ग्रंथालयाच्या भिंतीवर आहे. हार घातलेला होता. तसबिरीखाली कुलूपबंद कपाट!

आणि बिनपदवीच्या माणसाला यंत्रविद्येशी काय कर्तव्य, असे विचारणाऱ्यांना एकच नाव सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून रंगकाम सुटले, रेखाटन राहिले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्ररेखाटन शिकवीत. इंजिनिअरची पदवी नव्हती. पुढे बेळगावला सायकलींचे दुकान, मग कडबा कापायची यंत्रे, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. आज ते आमच्या त्या दारात आले असते तर टेबलामागून प्रश्न आला असता: कोणत्या विभागाचे?

मी विद्यापीठाला अर्ज केला आहे. कपाटे उघडी ठेवा. बाहेरच्या वाचकाला अल्प फीमध्ये बसून वाचण्याचे कार्ड द्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात पुस्तक शोधायला शिकवा, आणि ते शिकवायला मामांना उभे करा. चौथी मागणी सूचीत मराठी शब्द घालण्याची. ती जरा जास्तच झाली असेल, पण लिहिली.

मुलीने पायथ्याचे पाणी बरणीत धरून रात्रभर खिडकीत ठेवले होते. सकाळी तळाला बोटभर माती होती. बरणीचा फोटो आणि अर्ज घेऊन तिचे वडील पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेले. साहेब येऊन बांध पाहून गेले, वाळू आणि दगड टाकायचे ठरले आहे. माझ्या अर्जाला मात्र अजून पोच आलेली नाही.