सुईवरचे टाके आणि शाळेचा तास

शिक्षकाचा दिवस बाहेरून पाहणाऱ्यास मोठा सुटसुटीत वाटतो. सकाळची प्रार्थना, नंतर तास, मधली सुट्टी आणि संध्याकाळी घर. वस्तुतः हजेरीपट, मध्यान्ह भोजनाच्या पानांचा हिशेब, संगणकावर भरावयाची माहिती आणि मतदारयाद्यांचे काम यांतून उरेल तो वेळ अध्यापनाचा, आणि त्यातूनही उरेल तो शिक्षकाचा स्वतःचा. हा शेवटचा वेळ दिवसाकाठी वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे जात नाही. तेवढ्यात कोणी चहा घेतो, कोणी वर्तमानपत्र चाळतो, पुष्कळजण हातातील फोनमध्ये डोके घालून बसतात. आमच्या शाळेतील एक ज्येष्ठ बाई मात्र पिशवीतून दोन सुया आणि लोकरीचा गुंडा काढतात. यंदाच्या लेखांकात आम्ही त्या सुयांविषयी चार शब्द लिहिणार आहोत.

शाळेत विणकाम म्हटले की काही भुवया उंचावतात. एका पाहुण्या अधिकाऱ्यांनी, ‘बाईंना काम कमी दिसते’ असा शेरा तोंडी मारलाच. याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. वर्ग चालू असताना शिक्षकाच्या हाती खडू आणि पुस्तक याखेरीज काही नसावे. मधल्या सुट्टीत मात्र सुया असतील तर त्यात गैर काय? जे गृहस्थ फोनकडे पाहून काही बोलत नाहीत, त्यांना सुया तेवढ्या खुपाव्यात, याचे कारण आमच्या मते एकच आहे. बाईमाणसाच्या हातचे काम म्हणजे रिकामपणाचा उद्योग, ही समजूत अजून आपल्या मनातून गेलेली नाही.

बडोद्यास तरी ही समजूत शोभत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली महालात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ती सक्ती सर्व राज्यास लागू केली, हे आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु त्याच राज्यात १८९० साली कलाभवन निघाले आणि १९१४ साली महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय स्थापन झाले, हेही तितकेच लक्षात ठेवावयास हवे. अक्षर आणि हस्तकौशल्य ही दोन्ही शिक्षणाचीच अंगे आहेत, असा तो विचार होता. पुढे १९३७ च्या वर्धा योजनेने हाच विचार सूतकताईच्या रूपाने देशापुढे मांडला, आणि १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे भारदस्त नाव देऊन तो पुन्हा अभ्यासक्रमात आणला. दूर फिनलंडमध्ये तर १८६६ पासूनच लोकशाळांत हस्तकाम हा सक्तीचा विषय झाला होता. नावे बदलत गेली. आपल्याकडे वेळापत्रकातला तो तास मात्र कधी गणिताने, कधी परीक्षेच्या सरावाने गिळला.

आता विणकामात शिकण्याजोगे आहे तरी काय, असा प्रश्न वाचक विचारतील. आम्ही स्वतः सुई हाती धरलेली नाही. परंतु बाईंच्या शेजारी बसून जे पाहिले, ते सांगतो. लहान मुलाचा बिनबाह्यांचा स्वेटर करावयाचा आहे. छाती ६० सेंटिमीटर, त्यात सैलपणासाठी ६ मिळवून ६६; म्हणजे पुढचा भाग ३३ आणि मागचा ३३. बाई प्रथम एक छोटा चौकोन नमुन्यादाखल विणतात आणि १० सेंटिमीटरांत किती टाके बसले ते मोजतात. २२ बसले, तर ३३ सेंटिमीटरांस त्रैराशिकाने ७२.६ टाके येतात. तथापि खालची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी घालावयाची, म्हणून संख्येस चाराने भाग गेला पाहिजे; तेव्हा बाई ७२ टाके घालतात. हेच ७२ टाके एखाद्या सैल हाताच्या मुलीने घातले आणि तिच्या हाती १० सेंटिमीटरांत २० च टाके बसत असले, तर प्रत्येक भाग ३६ सेंटिमीटरांचा होऊन स्वेटर एकंदरीत सहा-साडेसहा सेंटिमीटर सैल पडतो. त्रैराशिक, विभाज्यता आणि मापनातील अचूकपणा हे तिन्ही धडे येथे फळ्यावाचून शिकवले जातात. उत्तर चुकले तर लाल शाईची गरज पडत नाही. स्वेटर अंगावर लोंबतो.

हे पाहून गेल्या थंडीत आम्ही सहावी-सातवीच्या मुलांसाठी शनिवारचा एक तास बाईंच्या स्वाधीन केला. घरोघरची उरलेली लोकर आणि जुने उसवलेले स्वेटर मागविले. उसवलेल्या लोकरीचे वेटोळे जात नाही, म्हणून तिच्या लड्या करून, धुऊन, खाली थोडे वजन लावून वाळत घालतात, हे आम्हांस तेव्हाच कळले. प्रत्येकाने १५ सेंटिमीटरांचा एक चौकोन विणावयाचा. आडवे सहा व उभे आठ असे ४८ चौकोन जोडले की ९० बाय १२० सेंटिमीटरांची लहान मुलाची गोधडी होते. ती शेजारच्या बालवाडीस द्यावयाची, असे ठरले.

मुलांना सुया दिल्यावर एक पालक तक्रार घेऊन आले. ‘साहेब, मुलगा मराठी शाळेत घातला हीच नातेवाईकांना चूक वाटते, त्यात आता तो बायकी काम शिकणार?’ गृहस्थांची व्यथा आम्ही समजू शकतो. आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या शाळांतील पट दरसाल घटत असताना जे पालक अजूनही मुले पाठवितात, त्यांस उडवून लावणे आम्हांस परवडत नाही, आणि शोभतही नाही. आम्ही त्यांना मुलाशेजारी बसविले. मुलाचे सुमारे पंचवीस ओळींचे काम झाले होते आणि बारा ओळी खाली एक टाका सुटलेला बाईंना दिसला. बाई म्हणाल्या, ‘राहू दे, जोडताना लपवून टाकू.’ मुलगा क्षणभर पाहत राहिला आणि त्याने सुई काढून बाराही ओळी उसवल्या. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी आपल्या आईच्या पेटीतली दोन जुन्या सुयांची जोडी मुलाबरोबर धाडली. गणिताच्या वहीत चूक खोडून वरच उत्तर लिहिणारा हा मुलगा. त्याला तेथे हा धीर आम्ही कधी देऊ शकलो नव्हतो.

हिशेबी माणूस विचारील, की हिवाळ्यात तिबेटी विक्रेते शहरात येऊन बसतात, त्यांच्याकडचा तयार स्वेटर घरी विणलेल्याहून स्वस्त पडतो, मग हा खटाटोप कशाला? हिशेब खरा आहे. बडोद्याची थंडीही जेमतेम दोन महिन्यांची. परंतु १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी देशभर घराघरांतून जवानांसाठी स्वेटर विणले गेले, तेही केवळ कापडाची तूट भरून काढण्यासाठी नव्हे. कोणासाठी तरी आपले कित्येक तास दिले, ही गोष्ट त्या टाक्यांत राहते, आणि घेणाऱ्यास ती कळते.

भाषेचे विद्यार्थी म्हणून आम्हांस एका गोष्टीचे कौतुक वाटते. ‘ग्रंथ’ या शब्दाच्या मुळाशी बांधणे, गुंफणे हाच अर्थ आहे, आणि आपले गुजराती शेजारी विणकामास जे ‘गूंथण’ म्हणतात, तो शब्दही त्याच कुळातला. पोथी आणि स्वेटर यांची सोयरीक अशी जुनी आहे. ती तुटली ती आपल्या वेळापत्रकात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना राहून स्थानिक कारागिरांकडून काही शिकण्याची योजना सांगितली आहे. कारागीर म्हटले की सुतार, कुंभार आठवतात. परंतु दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, आपल्या कितीतरी घरांत अशा आजी आहेत, ज्यांना पाना-फुलांचे नमुने कागदावाचून पाठ आहेत. ते कोणत्याही पुस्तकात नाहीत, आणि त्यांच्यामागून कोणी शिकले नाही तर यापुढेही नसतील. आमची वाचकांस विनंती एवढीच, की आपल्या घरातील आजींना यंदा एका शनिवारी जवळच्या शाळेत घेऊन जा. बसावयास खुर्ची आणि शिकावयास मुले, या दोन्हींची व्यवस्था शाळा करील. लोकर मात्र थोडी जास्त आणावी. आमच्या दुसऱ्या गोधडीचे अजून एकोणीस चौकोन व्हावयाचे आहेत.