दुहेरी काचेचा हिशेब
दिवाळीच्या सुमारास भिंती सुकल्या, की अलिबाग-मुरूडकडील घरांची डागडुजी निघते. त्यात खिडक्यांच्या दुहेरी काचेचा खर्च मांडण्यापूर्वी तिचे प्रयोजन तपासावे. थंड देशांत ती घरातील ऊब राखते. येथे थंडी बेताचीच, म्हणून तिचा मुख्य लाभ वातानुकूलित खोलीपुरता. दोन काचांमधील बंदिस्त पोकळीत दमट हवा शिरली, तर आत धरलेले बाष्प पुसता येत नाही. संपूर्ण संचच बदलावा लागतो. शिवाय ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळासारख्या वाऱ्यापुढे आधी चौकट टिकावी लागते. यास्तव प्रथम भक्कम चौकट, मग खाऱ्या हवेत न गंजणारे स्क्रू व बिजागऱ्या, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आणि शेवटी, उरलेल्या रकमेतून, दुहेरी काच असा क्रम ठेवावा. काचेच्या सीलची हमी मात्र लेखीच घ्यावी.