मत प्रेक्षकांचे, मोजणी वाहिनीची

दूरचित्रवाणीवरील एका गायनस्पर्धेचा निकाल लागतो, पाच दिवसांनी एका शहरात संचारबंदी पुकारावी लागते आणि दोन आठवड्यांच्या आत एक नवा राजकीय पक्ष जन्माला येतो. २००७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तर बंगालमध्ये हे प्रत्यक्ष घडले. लोकप्रिय कार्यक्रमांच्या चाहत्यांकडे थिल्लर गर्दी म्हणून पाहण्याची सवय असलेल्यांनी ही घटना मुळापासून तपासण्यासारखी आहे.

‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वाची अंतिम फेरी २३ सप्टेंबर २००७ रोजी झाली. रिंगणात दोघे होते : कोलकाता पोलीस दलातील शिपाई, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल. विजेता ठरणार होता तो प्रेक्षकांच्या लघुसंदेशांवर. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात चाहत्यांची मंडळे उभी राहिली. वर्गणी गोळा झाली, मोबाइलची सिमकार्डे विकत घेतली गेली आणि ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या वतीनेही मते पाठविण्याची व्यवस्था करण्यात आली. अंतिम फेरीत सुमारे सात कोटी मते पडल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. तमांग विजयी झाला.

गाण्यासाठी एवढा आटापिटा कशाला, हा प्रश्न मैदानी प्रदेशातून सहज विचारता येतो. डोंगरात त्याचे उत्तर वेगळे होते. भारतीय नागरिक असूनही परदेशी नेपाळी समजले जाणे, हे गोरखा समाजाचे जुने शल्य. स्वतंत्र गोरखालँडसाठी १९८६ पासून झालेल्या हिंसक आंदोलनात शेकडो माणसे बळी पडली. १९८८ मध्ये दार्जिलिंग गोरखा पर्वतीय परिषद मिळाली, पण ओळखीचा प्रश्न सुटला नाही. अशा समाजातील तरुणाला अवघ्या देशाने ‘इंडियन’ या बिरुदासह स्वीकारावे, यात मनोरंजनापलीकडचे काहीतरी पणाला लागले होते.

शिलाँगमध्ये चित्र निराळे, पण तितकेच अर्थपूर्ण होते. आदिवासी आणि बिगरआदिवासी यांच्यातील तणावाचा मोठा इतिहास असलेल्या या शहरात एका बंगाली तरुणामागे खासी समाजातील चाहतेही उभे राहिले. मेघालय सरकारने त्याला राज्याचा सदिच्छादूत नेमले. राजकीय वाटाघाटींना जे साधले नव्हते, ते काही आठवड्यांपुरते का होईना, एका कार्यक्रमाने साधले.

निकालानंतर मात्र वारे फिरले. दिल्लीतील एका खासगी एफएम वाहिनीच्या निवेदकाने, गोरखे गायक झाले तर पहारा कोण देणार, अशा अर्थाची कुचेष्टा केली. २८ सप्टेंबरला सिलिगुडीत निघालेल्या निषेध मोर्चाला हिंसक वळण लागले. संचारबंदी लागू करून लष्कराला पाचारण करावे लागले. ७ ऑक्टोबरला बिमल गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. तमांगच्या समर्थनासाठी त्यांनी डोंगर पिंजून काढला होता. त्यांचे जुने नेते सुभाष घिसिंग मात्र या लाटेपासून अलिप्त राहिले होते. स्पर्धेने हा पक्ष घडविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. घिसिंग यांच्या कारभाराविषयी आणि सहाव्या अनुसूचीच्या प्रस्तावाविषयी असंतोष आधीपासूनच धुमसत होता. परंतु वर्गणी, कार्यकर्ते आणि गावोगावचे संपर्कजाळे यांची रंगीत तालीम या चाहतामंडळांनी करून दिली, हे नाकारता येत नाही. पुढे वर्षभरातच घिसिंग यांचे डोंगरावरील वर्चस्व संपुष्टात आले.

प्रेक्षक म्हणजे पडद्यावरून ओतले जाईल ते मुकाट्याने गिळणारा समूह, ही समजूत अभ्यासकांनी बऱ्याच आधी टाकून दिली आहे. अमेरिकी अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात चाहत्यांची तुलना दुसऱ्याच्या रानात शिरून आपल्याला हवे ते उचलून नेणाऱ्यांशी केली. रान मालकाचे, पण तिथून काय न्यायचे आणि त्याचे काय करायचे, हे ठरविणार चाहते. दार्जिलिंगने हेच केले. वाहिनीला विकायची होती स्पर्धा. चाहत्यांनी तिच्यातून मिळविला सन्मानाचा दावा.

दक्षिणेला यात नवल वाटण्याचे कारण नाही. एम. जी. रामचंद्रन यांनी १९७२ मध्ये द्रमुकपासून फारकत घेऊन पक्ष काढला, तेव्हा त्यांच्या रसिक मंडळांचे जाळे त्यांच्यासोबत आले आणि १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. याउलट २००८ मध्ये चिरंजीवी यांनी आंध्र प्रदेशात स्थापन केलेला प्रजा राज्यम पक्ष २०११ मध्ये काँग्रेसमध्ये विलीन झाला. चाहत्यांची गर्दी हे राजकीय भांडवल असते, पण ते आपोआप फळत नाही.

या उत्साही चित्राची दुसरी बाजू हिशेबाची आहे. निवडणुकीत एका व्यक्तीला एकच मत असते. लघुसंदेशांच्या स्पर्धेत ज्याच्याकडे पैसा आणि सवड, त्याला हवी तितकी मते. शिवाय प्रत्येक मत ही विक्री असते. २००७ मधील ‘कौन बनेगा करोडपती’च्या प्रेक्षक स्पर्धेत एका लघुसंदेशाला २ रुपये ४० पैसे मोजावे लागत होते. बक्षिसाची रक्कम या संदेशांच्या उत्पन्नातूनच दिली जाते आणि प्रेक्षकांना ते सांगितले जात नाही, या तक्रारीवरून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि दूरसंचार कंपनीला एक कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पुरेशा पुराव्याअभावी तो आदेश रद्द केला. आरोप टिकला नाही, हे खरे; परंतु प्रेक्षकांच्या सहभागातून किती पैसा उभा राहतो आणि तो कुणाच्या खिशात जातो, हे प्रेक्षकांना कळायला हवे की नको, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

महाराष्ट्रालाही या मतदानाची ओळख जुनी आहे. २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत याच स्पर्धेचा पहिला विजेता ठरला. २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’चे पाचवे पर्व बारामती तालुक्यातील सूरज चव्हाण याने जिंकले, तेव्हा मते मोबाइलवरील अ‍ॅपमधून दिली जात होती. लघुसंदेशाचा खर्च गेला, म्हणजे मत फुकट झाले असे नव्हे. रुपयांऐवजी प्रेक्षक आता आपला वेळ आणि आपली माहिती देतो. मतांचे तपशीलवार आकडे जाहीर करण्याची प्रथा तेव्हाही नव्हती. आजही रुजलेली नाही.

चाहत्यांना वेडे ठरविणे सोपे आहे आणि त्यांना लोकशाहीचे नवे शिलेदार म्हणणेही तितकेच सोपे. दार्जिलिंगचा अनुभव या दोन्हींच्या पलीकडे नेतो. तेथील लोकांचा सहभाग खरा होता, त्यांची भावना खरी होती. फक्त मतपेटी त्यांची नव्हती. २०११ च्या करारानंतर डोंगराला गोरखालँड प्रादेशिक प्रशासन मिळाले, स्वतंत्र राज्य मिळाले नाही. एखाद्या समाजाला आपली मोजदाद करून घेण्यासाठी करमणुकीच्या वाहिनीचा आधार घ्यावासा वाटतो, तेव्हा त्यात त्या वाहिनीच्या यशापेक्षा खऱ्या मतपेटीचे अपयश अधिक असते. प्रेक्षकांच्या सहभागाचा अभ्यास करायचा, तर आरंभ तेथूनच करावा लागेल.