आधी पाणी, मग बियाणे

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की नांदेड आणि लातूरच्या कृषी सेवा केंद्रांत सोयाबीनच्या बॅगांसाठी गर्दी होते. त्याच दुकानात एका कोपऱ्यात भाजीपाल्याच्या बियाण्यांची छोटी पाकिटे टांगलेली असतात. सोयाबीनचे पैसे देऊन झाले की जाता जाता कोणी भेंडी, दोडका, पालक, मेथी, टोमॅटो अशी सात-आठ पाकिटे उचलतो. घरामागे जागा मोकळी आहे, यंदा परसबाग करायचीच, असे ठरलेले असते. पोळ्यापर्यंत निम्मी जागा गवताने झाकून जाते आणि दिवाळीनंतर तिथे पुन्हा सरपण रचलेले दिसते.

याला आळस म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. चूक आखणीची असते. आणि ही चूक आरोग्याच्या दृष्टीने महागात पडते, कारण मराठवाड्यातल्या गावात हिरवी भाजी पैशांअभावी मिळत नाही तितकीच ती अंतरामुळे मिळत नाही. आठवडी बाजारातून आणलेली मेथी दोन दिवसांत माना टाकते. उरलेले पाच दिवस वरण, पिठले, ठेचा यांवर निघतात. फ्रिज असलेल्या घरातही उन्हाळ्याच्या भारनियमनात फारसा फरक पडत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54 टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील जवळपास 69 टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीपेक्षा हे दोन्ही आकडे वाढलेले आहेत. सरकारी दवाखान्यात याच्यावर गोळ्यांबरोबर एक वाक्य हमखास दिले जाते : ‘पालेभाज्या खात जा.’ ती भाजी कोठून येणार, कोण आणणार आणि घरात कोणाच्या ताटात पडणार, हे विचारायला गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वेळ नसतो. परसबाग हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. एकमेव नव्हे.

ते का, हे स्पष्ट सांगायला हवे, कारण परसबागेच्या प्रचारात बरेच काही फुगवून सांगितले जाते. शंभर ग्रॅम मेथीत साधारण पाच-सहा मिलिग्रॅम लोह असते, पालकात त्याहून कमी. वनस्पतीतील लोहाचा फार थोडा भाग आतड्यातून रक्तात जातो आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तोही घटतो. गरोदर स्त्रीला दिल्या जाणाऱ्या एका गोळीत साठ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे हिमोग्लोबिन आठवर आलेल्या बाईला मेथीच्या वाफ्याच्या भरवशावर सोडणे हा अपराध ठरेल. गोळ्या तिला घ्याव्याच लागतील. भाजीचे काम वेगळे आहे : फोलेट, ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्व, चोथा आणि रोजच्या ताटाला आलेली चव. लिंबू पिळलेली भाजी असेल तर जेवणातल्या ज्वारी-डाळीतले लोहही जरा अधिक शोषले जाते. म्हणून परसात एक लिंबाचे झाड असणे हे चार जातींच्या पालेभाज्यांइतकेच मोलाचे आहे.

आता आखणी. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते. पाच जणांच्या घराला ते दोन किलो झाले. दहा फूट बाय दहा फुटांची बाग एवढे कधीच देणार नाही. पण नीट पेरली तर हंगामात एक दिवसाआड पालेभाजीची जुडी मिळू शकते. पहिल्या वर्षी अपेक्षा एवढीच ठेवावी. नवशिक्याची बाग याहून मोठी नसावी, आणि तिचे माप जागेवरून न काढता पाण्यावरून काढावे.

पाण्याचा हिशेब कठीण नाही. शंभर चौरस फुटांच्या वाफ्यांना कडक उन्हात रोज चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते, म्हणजे तीन बादल्या. हिवाळ्यात निम्मे पुरते. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, तिथे पिण्याच्या पाण्यातून तीन बादल्या बागेला घाला असे कोणी सांगू नये. मात्र पाच माणसांच्या आंघोळीचे पाणी सत्तर-ऐंशी लिटरच्या घरात जाते आणि ते बहुतेक घरांत गटारात किंवा रस्त्यावर वाहते. बाग न्हाणीच्या उताराला, दिवसाचे सहा तास ऊन येईल अशा ठिकाणी असावी, हा पहिला नियम. आंघोळीचे पाणी झाडे, वेल, वांगी-भेंडी यांच्या बुंध्याशी जावे. कोथिंबिरीवर, मुळ्यावर आणि कच्च्या खायच्या कशावरही ते शिंपडू नये. संडासाचे किंवा उघड्या नालीचे पाणी तर कोणत्याच भाजीला नको. विषमज्वर आणि जंत त्याच वाटेने घरात येतात.

दुसरी गोष्ट अनेकांना पटणार नाही. पहिली बाग मृगात लावूच नये. पावसाळ्यात गवत भाजीच्या दुप्पट वेगाने वाढते, काळ्या चिकण मातीत पाणी साचून मुळे कुजतात, किडी जोरात असतात. त्याच दिवसांत घरची सगळी माणसे शेतात असतात. ज्याला बी किती खोल पुरायचे हेही ठाऊक नाही, त्याने या सगळ्याशी लढावे कशाला? जूनमध्ये फक्त झाडे लावावीत : शेवगा, कढीपत्ता, लिंबू, आणि कुंपणावर दोडक्याचा किंवा वालाचा एक वेल. फार तर एक ओळ अंबाडी. तिला कोणाची देखभाल लागत नाही, आणि ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडीची भाजी मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. कोपऱ्यात खड्डा करून शेण, पालापाचोळा, भाज्यांची देठे टाकत राहावीत.

खरी सुरुवात गौरी-गणपती उठल्यावर करावी. तोवर खत तयार झालेले असते, ऊन उतरायला लागलेले असते, आणि मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा, चुका हे सगळे थंडीत खुशीने येणारे प्रकार पेरता येतात. हरभरा आणि करडईची कोवळी पानेही याच दिवसांतली. दोन्ही भाज्या रानात फुकट मिळतात म्हणून कमी लेखल्या जातात, एवढाच त्यांचा दोष. माती भारी असेल तर शेणखत आणि थोडी वाळू मिसळून वाफा वीतभर उंच करावा. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, त्याहून खाली नाही. धणे रगडून दोन फोडी करून पेरावेत. आणि सगळे पाकीट एका दिवशी संपवू नये. मेथीचा एक वाफा आज, दुसरा पंधरा दिवसांनी. बहुतेक घरांत तिसऱ्या आठवड्यात भाजी खाऊन कंटाळा येतो आणि सहाव्या आठवड्यात वाफा रिकामा असतो, ते केवळ एवढे न केल्यामुळे. सोयाबीनचे भुसकट घरोघरी असतेच. ते दोन बोटे जाड पसरले की पाणी आणि खुरपणी दोन्ही वाचतात.

मार्चमध्ये बाग आवरती घ्यावी. एक वाफा, त्यात चवळी किंवा तांदुळजा, वर जुन्या साडीची सावली, आणि उरलेले पाणी झाडांना. यात हार मानण्यासारखे काही नाही. अर्धापूरच्या केळीला जे पाणी मिळते ते मुखेडच्या परसाला मिळणार नाही.

कीड दिसली की काय होते, हा मात्र गंभीर विषय आहे. घरात कापसासाठी आणलेल्या औषधाची अर्धी बाटली असते. तीच पाण्यात मिसळून भेंडीवर मारली जाते आणि दुसऱ्या दिवशी भेंडी ताटात येते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्याकडे मनाई आहे, ती उगाच नाही. रिकामे कॅन धुऊन त्यात रोपे लावणे किंवा त्यानेच पाणी घालणे हेही तितकेच वाईट. घरच्या बागेला निंबोळी पुरते : लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून, गाळून, साबणाचे थोडे पाणी घालून संध्याकाळी फवारावी. जूनमध्ये कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून वाळवून ठेवल्या तर वर्षभर खर्च नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूला तोंड देण्यासाठी निवडला गेला होता. आपल्या भागासाठी तयार झालेले बियाणे मागून घेणे हेही एक औषधच आहे.

बागेत चप्पल घालून जावे. अंकुशकृमी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. जे रक्त वाढवायला बाग केली तेच तो घेऊन जातो. झारी, बादल्या, कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात, नाहीतर भाजीबरोबर डेंगीचे डासही पिकतात. पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे.

हे सगळे झाले तरी एक अडचण उरते, आणि सल्ला देणारे तिच्याकडे सहसा पाहत नाहीत. परसबागेचे प्रशिक्षण बाईला मिळते, बियाण्यांचे किट बाईच्या हाती पडते, पाणी घालायचेही तिनेच. जिच्या अंगात रक्त नाही तिला आणखी तीन बादल्या उचलायला लावणारी योजना पोषणाची कशी म्हणायची? आणि भाजी निघाल्यावर ती आधी पुरुषांच्या, मग मुलांच्या ताटात जाते. कढईत उरला तर रस्सा तिचा. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत स्त्रियांबरोबर काम करत उभ्या राहिलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने यातली मेख ओळखली. घरच्या जमिनीतला एखादा एकर बाईच्या ताब्यात, त्यात काय पेरायचे हे ती ठरवणार, आणि पहिला हक्क घरच्या खाण्याचा. या कामाला 2017 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एकराचे सूत्र दहा बाय दहालाही लागू पडते. निर्णय तिचा असावा, पाणी मात्र घरातल्या धडधाकट पुरुषाने घालावे. आंघोळ त्याचीही असतेच.

‘उमेद’च्या बचत गटांतून आणि शाळांच्या पोषण आहारातून परसबागांच्या मोहिमा होतात, हे चांगलेच आहे. पण त्यांची मोजणी किती किट वाटली यावर थांबते. वाटप जूनमध्ये होते, छायाचित्रे ऑगस्टमध्ये निघतात. तपासणी खरे तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात व्हायला हवी, आणि ती करायला आशाताईची एक फेरी पुरे : शेवगा जगला आहे का, दुसऱ्यांदा पेरणी झाली होती का, आणि काल रात्री घरात सगळ्यात शेवटी जेवली तिच्या ताटात काय होते.