'लढवय्यी जात' हा शब्द आपल्या तोंडी नको

दर १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभाला लाखो लोक मानवंदना देतात. त्याच दिवशी मोबाइलवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये दोन गोष्टी हमखास असतात. एक, '५०० विरुद्ध २८ हजार' हा आकडा. दुसरी, 'आम्ही जन्मजात लढवय्ये' हे वाक्य. आकडा अर्धवट आहे. वाक्य मात्र घातक आहे, कारण ज्या सिद्धांताने आपल्या पूर्वजांच्या हातातली बंदूक काढून घेतली, तोच त्यातून बोलतो.

आधी आकडा. कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीत पायदळ, घोडेस्वार आणि मद्रासचे तोफची मिळून आठशेच्या वर माणसे होती. पेशव्याची फौज मोठी होती, पण प्रत्यक्ष हल्ला चढवणाऱ्या तुकड्या त्या मानाने लहान होत्या. स्तंभावरची २२ नावे 'नाक'ने संपतात, त्यांच्यासोबत मराठा, राजपूत आणि मुस्लिम नावेही आहेत. हे खरे सांगितले म्हणून रात्रभर चालून आलेल्या आणि दिवसभर अन्नपाण्याविना लढलेल्या शिपायांचे शौर्य उणे होत नाही. उलट विरोधकाला खोडायला काही उरत नाही.

आता ते वाक्य. कोरेगावला लढलेली पायदळ पलटण पुढे कुठे गेली? तिची आजची वारस 'द ग्रेनेडियर्स' आहे, कोरेगावचा रणसन्मान तिच्याकडे आहे. पण स्तंभावर ज्यांची नावे आहेत, त्यांच्या नातवंडांना त्या पलटणीचे दार बंद झाले. राजपुताना रायफल्सही अशीच. १९२१ साली ज्या पलटणी एकत्र करून ती बनली, त्यांत वेलस्ली, आऊटरॅम आणि नेपियर यांच्या नावांच्या रायफल पलटणी मूळच्या जुन्या मुंबई फौजेच्या. त्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. नव्या नावात राजपुताना आला, महार शिपायाची आठवणही उरली नाही.

हे आपोआप घडले नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी भरतीचे निकष बदलले. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या रॉबर्ट्सने 'लढवय्या वंशां'चा सिद्धांत रेटला आणि महारांची भरती थांबली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळेंनी १९१० मध्ये. सरकार हलले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ साली '१११ महार्स' उभी राहिली. गरज संपली आणि १९२१ मध्ये ती मोडली. शौर्य रक्तातून येत असेल, तर एक समाज १९१७ ला लढवय्या आणि १९२१ ला नालायक कसा ठरतो?

बाबासाहेबांनी १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये सैन्यातल्या जातवार भरतीचा हिशेब मांडला आणि लढवय्या-बिनलढवय्या हा भेद कृत्रिम असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहावी यासाठी त्यांनी प्रयत्न केले. यात विसंगती नाही. त्यांनी मागितला तो समान संधीचा हक्क होता, जन्मजात श्रेष्ठत्वाचा दाखला नव्हता. आज त्या रेजिमेंटमध्ये अनेक समाजांचे जवान आहेत. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडून परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. नाव आपले, दार सगळ्यांना उघडे. आपल्याला अभिमान वाटावा असे हेच आहे.

काही मित्र म्हणतील, इतर जाती मिरवतात, मग आपणच का गप्प बसायचे? मित्रहो, जन्मजात क्षत्रिय मान्य केला की जन्मजात शूद्रही मान्य करावा लागतो. चातुर्वर्ण्याचा अर्धा भाग सोयीने घेता येत नाही. आणि आपण लढवय्ये असू, तर शेजारच्या मातंग, वाल्मीकी बांधवाला काय सांगणार? १९४३ साली उभी राहून १९४६ मध्ये मोडलेल्या चमार रेजिमेंटची आठवण आपल्या किती कार्यक्रमांत निघते?

म्हणून येत्या १ जानेवारीला घोषणांसोबत आणखी काही करू. स्तंभावरची सगळी नावे मोठ्याने वाचू, फक्त 'नाक' असलेली नाही. वलंगकर आणि कांबळे यांच्या अर्जांवर बोलू, कारण बंदुकीइतकीच ती लेखणीची लढाई होती. आपापल्या गावातल्या जुन्या शिपायांची पेन्शनची कागदपत्रे, पदके, पत्रे कुठल्यातरी ट्रंकेत कुजत असतील. त्यांचे फोटो काढू, नाव-गाव-पलटण लिहून ठेवू. त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांनी घर कसे चालवले, तेही विचारू.

शिपायाची आठवण त्याच्या जातीच्या रक्तात शोधली, तर आपण रॉबर्ट्सचेच काम करतो. ती त्याच्या हक्काच्या लढ्यात शोधली, तर बाबासाहेबांचे.

जयभीम!